गंज बोटीवर लागत नाही, तो आपल्याच शेडमधून निघतो



मागच्या पावसाळ्यात रांजणगाव एमआयडीसीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. सहा मशीनचं युनिट. मालक स्वतः लेथवर उभं राहून वर आलेला माणूस. चहा यायच्या आत त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. युरोपातल्या ग्राहकाने पाठवलेला फोटो होता. ग्राइंडिंग केलेला स्टीलचा बुश, आरशासारखा चकचकीत, आणि बाहेरच्या अंगावर तपकिरी डाग. मी फोटो बोटांनी मोठा केला. डागात बारीक रेषा दिसत होत्या. तो अंगठ्याचा ठसा होता.

मालक म्हणाला, "सर, दीड महिना माल समुद्रावर होता. खारी हवा. आपण काय करणार?"

मी म्हटलं, "समुद्राला अंगठा नसतो."

तो हसला, पण त्याच्यासाठी विषय हसण्याचा नव्हता. सगळा लॉट ग्राहकाने बाजूला काढला होता. तिथल्या माणसांकडून एकेक नग तपासून घेण्याचा खर्च याच्या नावावर पडणार होता, तोही युरोत.

म्हणून आज माझं एक मत स्पष्ट मांडतो. काहींना पटणार नाही, हरकत नाही. समुद्रमार्गे गेलेल्या मालावर जो गंज दिसतो, त्यातला बराचसा आपण इथेच, शिरूर-दौंडच्या शेडमध्ये, खोक्यात भरून पाठवलेला असतो. समुद्र त्याला फक्त वेळ देतो. त्यामुळे गंजाचा प्रश्न पॅकिंगवाल्याकडे ढकलून सुटत नाही. तो तुमच्या प्रोसेसमध्ये आणि तुमच्या कोटेशनमध्ये सोडवावा लागतो.

"आम्ही कुठे एक्स्पोर्ट करतो?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आपल्या भागात रांजणगावला मोठमोठे कारखाने आहेत. फियाटच्या कारखान्यातून २०१७ पासून जीप कंपास गाड्या परदेशात गेल्या. कॅरारोसारखी कंपनी ट्रॅक्टरचे ॲक्सल आणि गिअर तिथेच बनवते. अशा कारखान्यांच्या मागे कारेगाव, शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा या पट्ट्यात शेकडो लहान शेड आहेत. कोणी पिन करतं, कोणी बुश, कोणी फ्लँज. दौंडकडेही आता तरुण मुलं एक सीएनसी, एक व्हीएमसी घेऊन सुरुवात करताहेत.

यातले बरेच जण थेट निर्यात करत नाहीत. माल मोठ्या पुरवठादाराला देतात आणि तो पुढे पाठवतो. पण तक्रार मात्र उलट्या दिशेने प्रवास करते. परदेशी ग्राहक पुरवठादाराला धरतो, पुरवठादार तुम्हाला डेबिट नोट लावतो. तुमच्या खाली कोणी नसतं, त्यामुळे ती तुमच्यापाशीच थांबते. म्हणजे निर्यातीचा नफा वरचा घेतो आणि गंजाचा खर्च सगळ्यात खालचा भरतो. तुमच्याकडे निर्यातीचा परवाना असो वा नसो, हा विषय तुमचाच आहे.

डब्यात पाणी येतं कुठून?

लोखंडाला गंज धरायला दोनच गोष्टी लागतात, हवा आणि पाणी. मीठ किंवा आम्ल असेल तर काम लवकर होतं. पाणी म्हणजे धार लागायला हवी असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या स्टीलवर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंजाचा वेग वाढतो.

बंद कंटेनरमध्ये हे पाणी येतं कुठून? फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच. एक हिशेब सांगतो, वहीत लिहून ठेवा. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे आपल्याकडचा पावसाळ्यातला साधा दिवस. ही हवा सुमारे २६ अंशांपर्यंत निवली की पाणी सोडायला लागते. फरक फक्त चार अंशांचा! वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर हवा मावते. वरच्या हिशेबाने त्या हवेतच पाऊण लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा १० अंशांना आली तर त्यातलं जवळजवळ अर्धा लिटर थेंब होऊन छताला, भिंतींना आणि मालाला लागतं. कंटेनरच्या छतावरून थेंब टपकतात, त्याला शिपिंगवाले 'कंटेनरचा पाऊस' म्हणतात.

आता यात लाकूड मिसळा. २० किलोचं पॅलेट, त्यात २० टक्के ओलावा. वाटेत सुकत सुकत ते १२ टक्क्यांवर आलं तर एकट्या पॅलेटमधून सव्वा लिटरपेक्षा जास्त पाणी बाहेर पडतं. दहा पॅलेटचे झाले तेरा लिटर. हे पाणी समुद्रातून आत आलेलं नाही. आपणच वखारीतून विकत आणून, खिळे ठोकून कंटेनरमध्ये चढवलेलं आहे.

आपल्या भागातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. ओला कांदा चाळीत भरला आणि सडला, तर दोष चाळीचा नसतो. कांदा सुकवून, पात कापून, मगच भरायचा असतो. लोखंडाचंही तसंच आहे.

वाट लांबली आहे, हे लक्षात घ्या

२०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. डिसेंबरपासून मोठ्या शिपिंग कंपन्यांनी सुएझ कालव्याची वाट सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. मुंबईहून उत्तर युरोपला जाताना हा वळसा आठ हजार किलोमीटरच्या आसपास जास्त पडतो, आणि प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी वाढतो.

बहुतेकांनी यात फक्त वाढलेलं भाडं पाहिलं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सुएझमार्गे गेलेलं जहाज विषुववृत्त ओलांडतच नाही. केप ऑफ गुड होपमार्गे जाणारं जहाज ते दोनदा ओलांडतं. जुलैत न्हावा शेवाहून निघालेला तुमचा माल आधी आपल्या दमट उकाड्यात असतो, मग विषुववृत्तावर, मग केपजवळच्या हिवाळ्यात, तिथून परत विषुववृत्तावर, आणि मग युरोपात. तापणं, निवणं, परत तापणं, परत निवणं. दर वेळी निवताना खोक्यातली हवा पाणी सोडते. जे पॅकिंग सुएझच्या वाटेवर चाललं, ते याही वाटेवर चालेलच असं धरू नका. 'आम्ही पाच वर्षं असंच पाठवतोय' हा पुरावा जुन्या वाटेचा आहे.

ती वाट कधी ना कधी पुन्हा सुरळीत होईल. पण २०२१ च्या मार्चमध्ये एकच जहाज आडवं अडकलं तर सुएझ कालवा सहा दिवस बंद पडला होता, हेही आपण पाहिलंय. म्हणून पॅकिंगचा विचार नेहमी लांबच्या वाटेचा करायचा.

शेवटच्या कूलंटपासून पिशवी बंद होईपर्यंत

माझ्या मते सगळा खेळ या मधल्या वेळात आहे. पिशवी कोणती घ्यायची हा नंतरचा प्रश्न. जॉबवर शेवटचं कूलंट उडालं की घड्याळ सुरू झालं असं समजा. पिशवीचं तोंड बंद होईपर्यंत किती तास जातात? तुमच्या शेडमध्ये आज मोजून बघा. अनेक ठिकाणी उत्तर 'शुक्रवारी मशीनिंग, सोमवारी पॅकिंग' असं निघतं. मधले दोन दिवस जॉब क्रेटमध्ये ओलाच पडून असतो.

पहिली गोष्ट कूलंट. ते पाण्यात मिसळून वापरतो, म्हणून त्याचं प्रमाण आणि पीएच सांभाळावा लागतो. प्रमाण पुरवठादाराच्या तक्त्याप्रमाणे ठेवा आणि रिफ्रॅक्टोमीटरने रोज मोजा. पीएच साधारण साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान असावा. तो खाली घसरला की गंज जवळ आला. आणि पाणी कोणतं घालता? बोअरचं पाणी जड आणि क्षारट असेल तर एक गोष्ट घडते, जी पटकन लक्षात येत नाही. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज उडून जातं, पण क्षार मागे राहतात. रोज आपण वरून तेच पाणी घालतो, म्हणजे रोज थोडे क्षार वाढवतो. मेपर्यंत टाकीत खारं पाणी तयार झालेलं असतं. मशीनला आरओचं पाणी देणं ही चैन वाटते, पण आधी एकदा आपल्या पाण्यातलं क्लोराइड तपासून घ्या आणि मग ठरवा.

एक सोपी चाचणी सांगतो. हिचं जर्मन मानकही आहे, डीआयएन ५१३६०. काचेच्या ताटलीत फिल्टर पेपर ठेवा, त्यावर कास्ट आयर्नचा दोन ग्रॅम कोरडा स्वच्छ भुसा पसरा, तुमच्या टाकीतलं दोन मिलिलिटर कूलंट त्यावर सोडा आणि दोन तास झाकून ठेवा. मग भुसा काढून कागद धुऊन बघा. कागदावर तपकिरी डाग पडले असतील तर हेच कूलंट तुमच्या तयार जॉबवरही आहे. या चाचणीला चहापेक्षा जास्त खर्च येत नाही.

दुसरी गोष्ट हात. घामात मीठ असतं, आम्लही असतं. बोटाचा ठसा म्हणजे जॉबवर मारलेला खारट शिक्का. त्यावर नंतर तेल लावलं तरी मीठ तेलाखाली राहतं आणि तेलाच्या आतूनच काम करतं. म्हणून शेवटचं ऑपरेशन झाल्यावर उघडा हात लागता कामा नये, हा नियम करा. कापडी हातमोजे घामाने भिजतात आणि तोच घाम जॉबला लावतात. नायट्राइलचे घ्या. तपासणीवाल्यालाही द्या, कारण गेज लावताना जॉब सगळ्यात जास्त तोच हाताळतो. आणि ग्राहक पाहणीला येतो तेव्हा मालक कौतुकाने जॉब उचलून त्याच्या हातात देतो. तो जॉब परत क्रेटमध्ये टाकू नका. मी स्वतः ही चूक केली आहे.

तिसरी गोष्ट धुणं आणि वाळवणं. आंधळी भोकं, आटे, खाचा यांत पाणी बसून राहतं. हवेच्या झोताने ते काढा, पण कॉम्प्रेसरच्या हवेतच पाणी असेल तर तुम्ही जॉब वाळवत नाही, भिजवताय. कॉम्प्रेसरची टाकी रोज सकाळी काढून टाकता का? लाईनला ड्रायर किंवा निदान पाणी पकडणारा फिल्टर आहे का? ते आधी बघा.

चौथी गोष्ट तापमान. गरम पाण्यात धुतलेला जॉब गरम असतानाच पिशवीत बंद केला, तर तो आत निवतो आणि आतल्या हवेतलं पाणी तिथेच सुटतं. उलटही होतं. रात्रभर निवलेलं जड कास्टिंग सकाळी दमट हवेत उघडं ठेवलं की त्याला घाम फुटतो. म्हणून जॉब आणि खोली एकाच तापमानाला आल्यावरच पॅकिंग करा. पावसाच्या दिवसांत पॅकिंगची जागा दारापासून लांब, शक्यतो बंद खोलीत घ्या.

आणखी एक गोष्ट, शेजार बघा. कुरकुंभची ओळख केमिकलची एमआयडीसी अशी आहे. पण आम्लाची वाफ कुठल्याही एमआयडीसीत भेटू शकते. शेजारच्या शेडमध्ये पिकलिंग किंवा प्लेटिंग चालत असेल, किंवा तुमच्याच कोपऱ्यात आम्लाचा कॅन उघडा असेल, तर तयार माल तिथे रात्रभरही ठेवू नका.

व्हीसीआय चांगलं आहे, पण जादू नाही

व्हीसीआय म्हणजे असा कागद किंवा पिशवी, ज्यातलं रसायन हळूहळू उडतं आणि धातूच्या पृष्ठभागावर बसून गंजाला अडवतं. वस्तू उत्तम आहे. मला राग आहे तो 'व्हीसीआय लावलंय ना, मग झालं' या वाक्याचा.

रसायन उडून जॉबपर्यंत पोचायचं, तर पिशवी बंद हवी. तोंड नुसतं दुमडून वर खोका बांधला तर रसायन बाहेर जातं आणि दमट हवा आत येते. जॉब आणि कागद यांच्यामध्ये साधा पुठ्ठा घातला तर रसायन पुठ्ठ्यात अडकतं. एका बाजूला लेप असलेला कागद असेल तर ती बाजू जॉबकडे हवी. कामगाराला हे कोणी सांगितलेलंच नसतं. फक्त लोखंडासाठी केलेलं व्हीसीआय पितळ किंवा तांब्याला त्रास देऊ शकतं, म्हणून स्टीलच्या जॉबमध्ये पितळी बुश बसवला असेल तर सगळ्या धातूंना चालणारा प्रकार मागा. व्हीसीआयचा रोल उघडा ठेवला तर तो तुमच्या शेडची हवा सांभाळत बसतो आणि महिन्याभराने त्यात जॉबसाठी फारसं काही उरत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिठाच्या ठशावर, ओल्या जॉबवर व्हीसीआयचं फार चालत नाही.

तेलाचंही तसंच. पाणी बाजूला सारणारं गंजरोधक तेल मिळतं, ते वापरा. पण जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता, हे खरं नाही. जाड तेल पुठ्ठा शोषून घेतो, तळाशी साठतं, आणि समोरच्या कारखान्यात धुण्याची सोय नसेल तर तीच नवी तक्रार होते. चौकशी येते त्याच दिवशी ग्राहकाला विचारा: तुम्ही जॉब धुऊन वापरणार की थेट असेंब्लीला लावणार? या एका प्रश्नावर तुमचं निम्मं पॅकिंग ठरतं.

सिलिका जेलच्या पुड्यांबद्दलही बोलून टाकतो. डेसिकंटचं एक युनिट म्हणजे २३ अंशांना, ४० टक्के आर्द्रतेत किमान ६ ग्रॅम वाफ शोषणारं माप. या मापाने पॅलेटमधून निघणाऱ्या तेरा लिटरला दोन हजारांवर युनिटं लागतील. खोक्यात टाकलेल्या चार पुड्या त्यापुढे काय करणार? डेसिकंट बंद पिशवीच्या आत असेल तर उपयोगी. उघड्या खोक्यातली पुडी म्हणजे देवाला दाखवलेला नैवेद्य.

लाकूड, खोका आणि दुसऱ्याचा माल

परदेशी जाणाऱ्या लाकडावर आयएसपीएम १५ चा शिक्का लागतो. उष्णतेची प्रक्रिया असेल तर लाकडाच्या गाभ्याला सलग ३० मिनिटं ५६ अंश तापमान दिलेलं असतं. हे किडीसाठी आहे, ओलाव्यासाठी नाही. शिक्का असलेलं पॅलेटही ओलं असू शकतं, आणि शिक्का मारून झाल्यावर अंगणात पावसात पडलेलं तर असतंच असतं. लाकडाचा ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. पॅलेट उतरवून घेताना चार ठिकाणी टोचून बघा. जास्त निघालं तर परत पाठवा. पहिल्यांदा वखारवाला हसेल, दुसऱ्यांदा सुकं पाठवेल.

पूर्ण कंटेनर तुमचा असेल तर भरण्याआधी आत उभे राहा, दारं बंद करून घ्या आणि उजेड कुठून येतो ते बघा. उजेड येतो तिथून पाणीही येतं. लाकडी तळाला हात लावा. नुकताच धुतलेला, ओला कंटेनर घेऊ नका.

पण आपल्यातले बहुतेक जण पूर्ण कंटेनर भरत नाहीत. दोन-चार पॅलेट दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जातात. तिथे शेजारी कोणाचा माल आहे आणि तो किती ओला आहे, यावर तुमचा काहीच ताबा नसतो. कंटेनर भरेपर्यंत माल बंदराजवळच्या गोदामात किती दिवस थांबेल, हेही तुम्ही ठरवत नाही. म्हणून लहान निर्यातदाराला मी सांगतो की कंटेनर सुधारायच्या मागे लागू नका, आपली पिशवी सुधारा. बाहेर काहीही होवो, पिशवीच्या आत जॉब स्वच्छ, कोरडा आणि बंद असला पाहिजे.

विमा आहे ना! एफओबी आहे ना!

या दोन वाक्यांवर विसंबून बरेच जण शांत झोपतात. 'ऑल रिस्क' म्हणून जो सागरी विमा घेतला जातो, त्याच्या मागे सहसा इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस 'ए' असतात. नाव सगळ्या धोक्यांचं असलं तरी त्यात वगळलेल्या गोष्टींची यादी आहे. अपुरं पॅकिंग, मालाचा मूळचा स्वभावदोष आणि उशिरामुळे झालेलं नुकसान, या तिन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. धातूच्या मालाला अनेक पॉलिसींमध्ये गंज आणि रंग बदलणं वेगळं वगळलेलं असतं. विमा घेऊ नका असं मी म्हणत नाही, जरूर घ्या. पण घ्यायच्या आधी एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा: गंज यात बसतो का?

एफओबी न्हावा शेवा म्हणजे माल जहाजावर चढला की जोखीम ग्राहकाची. कागदावर बरोबर आहे. पण इन्कोटर्म्सच्याच नियमांत, वेगळं ठरलं नसेल तर, प्रवासाला योग्य असं पॅकिंग करून देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. आणि कागद बाजूला ठेवा. पुढची ऑर्डर कोणाच्या हातात आहे? ज्याच्या हातात ती आहे, त्याच्याशी दोन लाखांसाठी परदेशात कोर्टात भांडायला आपल्यापैकी कोण जाणार आहे?

कोटेशनमध्ये एक ओळ वाढवा

आता पैशाचं बोलू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा १०,००० नगांची ऑर्डर आहे, नग १८० रुपयांचा. एकूण १८ लाख. आज पॅकिंगवर नगामागे २ रुपये जातात, म्हणजे २०,०००. हातमोजे, चांगलं तेल, चांगली पिशवी, सुकं पॅलेट आणि पॅकिंगच्या दोन माणसांचा जास्त वेळ धरून खर्च ५ रुपयांवर गेला, म्हणजे ५०,०००. फरक ३०,००० रुपयांचा.

१८ लाख भागिले ३०,००० म्हणजे ६०. म्हणजे साठ खेपांत एकच खेप पूर्ण नाकारली जायची वाचली, तरी हा जास्तीचा खर्च वसूल. तिथली तपासणी, विमानाने पाठवावा लागणारा बदली माल आणि गेलेली ऑर्डर मी अजून धरलेलीच नाही.

मग आपण हा खर्च का करत नाही? कारण कोटेशनमध्ये तो मागितलेलाच नसतो. आपण मटेरियल लिहितो, मशीनचा तास लिहितो, आणि 'पॅकिंग: इन्क्लुडेड' असं लिहून मोकळे होतो. मग तो खर्च आपल्या नफ्यातून जातो, आणि नफ्यातून जाणाऱ्या खर्चाला माणूस पहिली कात्री लावतो. माझं ठाम मत आहे की गंजरोधक प्रक्रिया आणि निर्यात पॅकिंग ही स्वतंत्र ओळ हवी, तिच्यापुढे दर हवा, आणि तुम्ही किती दिवसांचं संरक्षण देताय तेही लिहिलेलं हवं. उदाहरणार्थ, 'न उघडलेल्या पिशवीत, छताखाली ठेवल्यास पॅकिंगच्या तारखेपासून ९० दिवस'. ग्राहक म्हणाला ही ओळ काढा, तर काढा; पण मग ती जोखीम त्याने घेतली असं लेखी घ्या. बहुतेक वेळा तो ओळ राहू देतो, कारण बंद पडलेली असेंब्ली लाईन त्याला तीन रुपयांपेक्षा कितीतरी महाग पडते.

"सर, हे मोठ्यांना परवडतं, आम्ही लहान," असं मला ऐकवलं जातं. मला उलट वाटतं. मोठ्या कारखान्यात जॉब एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाईपर्यंत दिवस जातो. तुमच्याकडे मशीन, धुण्याची टाकी आणि पॅकिंगचं टेबल वीस पावलांत आहे. ज्या शिफ्टला जॉब बनला, त्याच शिफ्टला तो पिशवीत बंद करणं लहान माणसालाच जमतं. ही तुमची ताकद आहे, ती वापरा.

साक्षीदार खोका

शेवटचं एक काम, आणि हे उद्याच सुरू करता येईल. दर खेपेला एक जास्तीचा खोका भरा. तेच जॉब, तेच हात, तीच पिशवी, तोच दिवस. त्यावर तारीख आणि लॉट नंबर घाला आणि तो पत्र्याखाली ठेवा, दिवसा तापेल आणि रात्री निवेल अशा जागी. तिकडे ग्राहक माल उघडेल त्याच सुमाराला इकडे तुम्ही हा खोका उघडा. यात गंज दिसला तर समुद्राला दोष देण्यात अर्थ नाही, आणि काय बदलायचं ते शोधायला तुमच्या हातात जॉब आहे. यात गंज नसेल आणि तिकडे असेल, तर बोलायला तुमच्याकडे काहीतरी ठोस आहे. जमलं तर जाणाऱ्या खोक्यात तापमान आणि आर्द्रतेची नोंद ठेवणारा छोटा लॉगरही टाका. तो परत मागवून वाचलात की तुमच्या मालाने वाटेत काय काय सोसलं ते दिवसागणिक समजतं.

त्या अंगठ्याचं पुढे काय झालं? मालकाने पॅकिंगच्या पोराला बोलावलं, रागावायला. मी थांबवलं. त्या पोराला कोणी हातमोजे दिले नव्हते, कोणी सांगितलंही नव्हतं. त्याने फक्त सांगितलेलं काम केलं होतं. मालक थोडा वेळ गप्प बसला. मग स्वतःच उठून पॅकिंगच्या टेबलाशी गेला आणि तिथे किती क्रेट उघडे पडलेत ते मोजायला लागला. सात होते, दोन दिवसांपूर्वीचे.

तुमच्या शेडमध्ये आज किती आहेत? आधी तेवढं मोजा. पुढची मशीन घ्यायचा विचार त्यानंतर करू.

भेटू पुढच्या व्हिडिओत.